मखरात बसवलेली रिंग

मित्रांनो, मी एक जुनी रिंग आहे. बोटातली नव्हे, बुडणाऱ्याला फेकतात ती. अंगानं लाल-पांढरी, मधे भोक, बाजूला लांब दोरी. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, जिथे करड्या, खारट झुडपांशिवाय काही उगवायला धजत नाही, तिथून एक गढूळ नदी जाते. तिच्या काठावर कौन्सिलनं चार बाकं, एक बार्बेक्यू आणि एक नळ बसवून त्याला ‘रिझर्व्ह’ असं भारदस्त नाव दिलं. तिथल्या खांबावर माझा मुक्काम.

जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा बहिणींना टाकीत टाकून पारखायचे. मी अशी तरंगले, अशी तरंगले, की मला खाली आणायला शिडी लावावी लागली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणते.

नोकरीत मी आळस केला नाही. एका पोराला काढलं, एका मेंढीला काढलं, आणि एकदा तर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला काढलं. त्याला कॉड माशानं आत ओढलं होतं. मासा केवढा, तर या बार्बेक्यूवर त्याची नुसती शेपटी मावली असती. पटत नसेल तर सोडून द्या. पुढचं मात्र पटवून घ्या, कारण ते खरं आहे आणि ते सांगताना माझा अजून संताप होतो.

एवढी सेवा करून मान काय मिळाला? कुणी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. कुणी नेम धरून माझ्या भोकातून बिअरचे रिकामे कॅन फेकले. कुणी मला गळ्यात अडकवून फोटो काढले. तेही मी गिळलं. पण शिकल्या-सवरल्या माणसांनी जे केलं, ते गिळता येत नाही.

ती विद्यार्थ्यांची लाट आलेली वर्षं होती. तासाभरावरच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत पुण्या-मुंबईची मुलं भराभरा येत होती, दोन खोल्यांच्या घरात सहा-सहा जण राहत होती आणि रविवारी कुणाची तरी जुनी गाडी मागून आमच्या रिझर्व्हवर थालीपीठं लावायला येत होती. त्यांच्यातलीच मिताली, हृषिकेश आणि निनाद. गणपती जवळ आले होते. मितालीनं याच काठची लाल माती कालवून मूर्ती केली होती. मुलगी गुणी. पोहायलाही पट्टीची, ठाण्याच्या तलावात शिकलेली.

हृषिकेश माझ्यासमोर उभा राहिला आणि मान तिरकी करून म्हणाला, “मिताली, ही बघ. बाप्पाच्या मागे काय प्रभावळ होईल.”

“अरे, ती इमर्जन्सीची आहे.”

“इथे कसली इमर्जन्सी? कांगारूसुद्धा विचार करून पाण्याला येतो. आणि आपण ढापत नाहीये. विसर्जनाला इथेच येणार ना? तेव्हा जागेवर लावून टाकू. नो वरीज.”

“पुण्यात असतास तर अशी घेतली असतीस का?”

“पुण्यात थर्माकोल मिळतो,” निनाद म्हणाला, आणि मला खांबावरून उतरवलं.

मितालीनं अडवलं नाही. तिचं तेवढंच चुकलं.

घरी गेल्यावर त्यांनी आधी माझी दोरी सोडली. परसात कपडे वाळत घालायला दोरी कमी पडत होती म्हणे. मग मला कापूस चिकटवला, सोनेरी कागद गुंडाळला, दिव्यांची माळ फिरवली आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी पुठ्ठ्यावर करकचून आवळलं. गावातल्या हॉस्पिटलमधले डॉक्टर दीनानाथकाका दर्शनाला आले. म्हणाले, “वा, डेकोरेशन काय झकास केलंय. आयडिया कुणाची?”

हृषिकेशनं कॉलर ताठ केली.

मी बाप्पाच्या मागे लखलखत उभी, आणि तिकडे काठावर रिकामा हूक. मी विचारते, नदीला कुणी कळवलं होतं का, की पाच दिवस कुणाला बुडवू नकोस?

विसर्जनाच्या दिवशी सगळे आले. सप्टेंबर महिना, म्हणजे इथला वसंत, वर डोंगरात बर्फ वितळलेलं, पाणी चढलेलं आणि गार. आरती झाली. मी पुठ्ठ्यासकट गाडीच्या डिकीत.

“मूर्ती मी नेते,” मिताली म्हणाली. “निनादला पोहता येत नाही.”

“मूर्ती मुलगाच नेतो गं,” हृषिकेश म्हणाला. “आणि कमरेएवढ्या पाण्यात पोहायचंय कशाला?”

तुमच्याकडे विसर्जनाला घाटावर पोहणारे उभे असतात, नावा असतात, शिट्ट्या असतात. इथे ते सगळं म्हणजे मी एकटी. आणि मी डिकीत.

निनाद उतरला. मूर्ती एकदा बुडवली, दोनदा बुडवली, तिसऱ्यांदा बुडवताना पायाखालची माती सरकली. पुढे तळच नव्हता. मूर्ती गेली आणि निनादही गेला. पुन्हा वर आला तो चांगला लांब, प्रवाहात, हात मारत.

हृषिकेश कुठे धावला असेल? माझ्या खांबाकडे. रिकाम्या हूकवर हात फिरवून पाहिला, जणू मी अदृश्य होऊन तिथेच असेन.

“डिकी उघड!” मिताली ओरडली. तिनं दातांनी पट्ट्या तोडल्या, पुठ्ठा फाडला. “दोरी कुठे आहे हिची?”

हृषिकेश पुटपुटला, “दोरीवर कपडे वाळतायत.”

तिनं दिव्यांच्या माळेचं टोक मुठीत धरलं आणि मला भिरकावलं. कापूस, कागद, दिवे, सगळ्यासकट मी उडाले. इतक्या वर्षांत एवढी नटून मी कधी कामावर गेले नव्हते. निनादनं मला मिठी मारली. मितालीनं माळ ओढली, ती तटकन तुटली आणि आम्ही दोघं खाली वाहत निघालो. त्याचे दात माझ्या कानाशी कडकड वाजत होते. हो, मला कान आहे.

वळणावर एक गमट्री, म्हणजे इथली निलगिरी, पाण्यात आडवी पडली होती. तिच्या फांद्यांत मी अडकले. मिताली त्या खोडाला धरून आत आली, हृषिकेश चिखलात गुडघाभर रुतून मागे. दोघांनी निनादला ओढून काठावर पालथं घातलं. त्यानं पोटातलं पाणी ओकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “बाप्पा नीट गेले ना?”

“गेले,” मिताली म्हणाली. “तुला घेऊनच चालले होते.” मग ती त्याच्या पाठीवर कपाळ टेकून रडली.

मला तशीच बिनदोरीची हूकवर टांगून ते गेले, आणि पुढच्या रविवारी तिघं परत आले. हृषिकेशच्या हातात टपोऱ्या झेंडूंचा हार होता, माझ्यासाठी. मितालीनं त्याचा हात वरच्यावर धरला.

“तिला हार घालू नकोस.”

“अगं, निदान एवढं तरी...”

“हार अडकतो. दोरी बांध.”

त्यानं बांधली. मितालीनं प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहिली.

मित्रांनो, मी म्हातारी झाले, फुशारक्या मारते, माशांच्या शेपट्या वाढवून सांगते. पण हे एक वाढवून सांगत नाही. मला पुजू नका, नटवू नका, माझे फोटो काढू नका. एखाद्या काठावर सहलीला गेलात, तर डबा उघडण्याआधी मान वर करून खांबाकडे बघा. मी तिथे आहे ना? माझी दोरी आहे ना? मग खुशाल थालीपीठं लावा.