रुद्रमानची साक्ष

माझा नवरा गोऱ्यांच्या गुरखा पलटणीत हवालदार होता. तो गेल्यावर त्याचं पेन्शन मला मिळायचं होतं. अट एकच: मी दुसरं घर केलेलं नसावं, आणि तसं सासरच्या माणसानं पोखऱ्याच्या कचेरीत सांगावं. म्हणून धाकटा दीर रुद्रमान बरोबर आला. लमजुंगमधल्या आमच्या गावाहून दोन दिवसांची पायवाट.

आम्हा गुरुंगांत अर्घूंचा विधी झाला, मेलेल्याचा जीव मार्गी लागला, की विधवा पुन्हा पोत घालते. माझ्या गळ्यात लाल पोत होती. कारकून बाहुन, म्हणजे बामण; त्यांच्या विधवा पोत घालत नाहीत.

"ही कोणाच्या नावाची?" त्यानं विचारलं.

मी दिराकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं.

"काय सांगू साहेब," रुद्रमान म्हणाला, "वहिनीनं घर केलंय."

विधवेनं घर केलं की तिचं शेत दिराकडे जातं. नदीकाठच्या माझ्या शेतावर त्याचा डोळा होता.

गावात पोचले, बोचकं बांधलं आणि त्याच्या अंगणात जाऊन बसले. त्याची बायको सुकमाया भात कांडत होती.

"हे काय, जाऊबाई?"

"नांदायला आले. मी घर केलं, असं भाऊजींनीच कचेरीत सांगितलं. आपल्यात विधवा दिराकडेच जाते. दुसरा कोण असणार?"

सुकमायानं मुसळ खाली ठेवलं नाही, तशीच नवऱ्याकडे वळली. "बोला की. कुठं निजवू हिला?"

"अगं, थट्टेनं बोललो."

"थट्टा करायला दोन दिवस चाललात?"

मी चुलीजवळची जागा धरली. चौथ्या दिवशी सुकमायानंच त्याला पुढं घालून कचेरीची वाट धरली; मी मागून. रांगेत पन्नासेक म्हातारे शिपाई होते.

"मी खोटं बोललो," तो पुटपुटला.

"भाऊजी, मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तीनदा म्हणायला लावलं.

पेन्शन सुरू झालं, पण साक्ष दरवर्षी लागायची. साक्षीदार बदलता येत होता. मी बदलला नाही. एकवीस वर्षं तो माझं ओझं पाठीवर घेऊन चालला. गुडघे गेले तेव्हा म्हणाला, "वहिनी, आता माझ्या पोराला नेत जा."

"पोरानं कुठं खोटं सांगितलं होतं?"

बाविसाव्या वर्षी नवा कारकून म्हणाला, "आजी, नियम बदललाय. यापुढं एकट्या आलात तरी चालेल."

रुद्रमान बाहेर पायरीवर गुडघे चोळत बसला होता. "काय म्हणाला गं?"

"दोघांनी या म्हणाला," मी सांगितलं. "पुढल्या साली जरा लवकर निघू, भाऊजी. तुम्ही फार हळू चालता."