बिनपंख्याच्या कार्डाची कैफियत

मी एक ग्राफिक्स कार्ड बोलतोय. बोलतोय असं तुम्ही समजून घ्यायचं, कारण आवाज न करणं हाच माझा मोठा गुण आणि त्याच गुणावर मला घरात आणलं गेलं. कॉम्प्युटरच्या पोटातलं चित्र पडद्यावर नेऊन मांडायचं, हे माझं काम. माझ्या जातीतल्या बहुतेकांच्या अंगावर एक-दोन पंखे असतात. मला एकही नाही. तापलो तर पाठीवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून ऊब सोडतो आणि गप्प राहतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. शुद्धीवर आलो तो लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात, अगदी वरच्या फळीवर. खाली काचेत लाल-निळे दिवे लावलेली धिप्पाड कार्डं बसलेली. गेम खेळणारी पोरं येत आणि त्यांच्याकडे बघून हरखून जात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

मग एका शनिवारी वरद आला. लोअर परळच्या ऑफिसात नोकरी, चष्मा कपाळावर चढवून बोलायची सवय.

"पंखा नको," तो दुकानदाराला म्हणाला. "आणि लिनक्सवर नीट चालायला हवं. ड्रायव्हर त्यातच असला पाहिजे. मागाहून काही टाकत बसणार नाही मी."

"बिनपंख्याचं हे एवढंच आहे, बॉस. पण गेमिंग नाय होणार याच्यावर."

"गेमिंग कोणाला करायचंय? माझ्या बाबांचा आवाज गेलाय."

दुकानदाराला याचा त्याचा संबंध लागला नाही. मलाही तेव्हा लागला नव्हता. लिनक्स म्हणजे जगभरची माणसं मिळून सांभाळतात ती कॉम्प्युटर चालवणारी फुकटची यंत्रणा, वरदच्या घरी तीच होती. वरद मोबाइलवर वाचत उभा राहिला. कुठल्या कार्डाला लिनक्सवाले अजून सांभाळतात, कुठल्याला कंपनीने वाऱ्यावर सोडलंय, नवीन अपडेट आलं की कुणाचा पडदा काळा होतो, सगळं त्याने तपासलं. माझ्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. तेवढ्यावर माझी निवड झाली.

घर ठाकूरद्वारला, एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर. टीव्हीखालच्या लाकडी कपाटात वरदने जुना कॉम्प्युटर बसवला होता. नाटकांची रेकॉर्डिंगं, सिनेमे, आईच्या मालिका, सगळं त्यावरच. त्यातल्या आधीच्या कार्डाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. आणि समोर खुर्चीत बसायचे हेमचंद्र, वरदचे बाबा. विमा कचेरीत हेडक्लार्क होते. एकेकाळी गॅलरीतून हाक मारली की नाक्यावर पोचलेला भाजीवाला मागे फिरायचा म्हणे. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे फक्त कुजबुज उरली. ती त्या घरघरीत बुडून जायची. म्हणून मी.

"ड्रायव्हर कशाला लागतो रे याला?" वरद मला बसवत होता तेव्हा त्याच्या आईने, मीनाक्षीबाईंनी विचारलं. "आपल्याकडे साधी सायकल नाही."

"अगं, ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या समज. कॉम्प्युटर काय म्हणतो ते कार्डाला सांगणारा."

"मग यांच्यासाठी पण आण एक," त्या म्हणाल्या, आणि बाबा हसले. त्यांचं हसणंही बिनआवाजाचं होतं.

वरदने बटण दाबलं. चित्र आलं आणि घर एकदम शांत झालं. शेजारच्या कुकरची शिटी ऐकू आली. बाबा हळूच म्हणाले, "छान." मीनाक्षीबाई ओट्यापाशी होत्या, तरी त्यांनी ते ऐकलं. पदराने डोळे टिपले त्यांनी. मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पण माणसांना शांतता मिळाली की ती भरून टाकल्याशिवाय चैन पडत नाही. घरघर नाही तर आवाज किती स्वच्छ येतो, म्हणून वरदने मोठा स्पीकर आणला. मालिकांचं रडणं आता वाडीच्या दारापर्यंत जाऊ लागलं. मीनाक्षीबाईंनी कपाटावर क्रोशाचा रुमाल घातला, तो नेमका हवेच्या भोकांवर. मी आत भाजत राहिलो. वरद रुमाल काढायचा, त्या परत घालायच्या. मी काय बोलणार?

आणि एक खोड मी रोज बघत होतो. बाबा काही म्हणाले आणि नीट ऐकू आलं नाही, की घरातला प्रत्येक जण म्हणे, "हो, हो." प्रेमानेच म्हणत. पुन्हा विचारलं तर त्यांच्या घशाला त्रास, नाही विचारलं तर त्यांना वाईट वाटायचं. म्हणून हो, हो. चिठ्ठी लिहायला बाबा तयार नव्हते. "जन्मभर ऑफिसात लिहिलं," ते कुजबुजायचे. "घरात नाही." त्यावरही सगळे हो, हो.

मग वरदने वडाळ्याला फ्लॅट घेतला. लिफ्ट, मोठा हॉल, बाबांना वेगळी खोली. मुलाची हौस खोटी नव्हती. मालिका चालू असतानाच त्याने विचारलं, "बाबा, सगळेच तिकडे जाऊ. चालेल ना?"

"मला इथेच राहायचंय," बाबा म्हणाले.

मी ते स्पष्ट ऐकलं. पडद्यावर कुणाचं तरी लग्न मोडत होतं, पाठीमागे ढोल बडवले जात होते. वरद म्हणाला, "हो, हो बाबा."

बाबांनी पुन्हा सांगितलं. त्या आठवड्यात जेवताना सांगितलं, चहा घेताना सांगितलं. दर वेळी मी पडद्यावर काहीतरी झगमगतं मांडत होतो आणि दर वेळी त्यांना हो मिळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकदा तर वाटलं, आपण बिघडावं. मिनिटभर पडदा काळा करावा, ढोल थांबतील, कुणीतरी वळून त्यांच्याकडे बघेल. पण मला बिघडताही येईना. माझा ड्रायव्हर लिनक्सच्या पोटातच, जगभरची माणसं त्याला डोळ्यांत तेल घालून जपतात. रुमालाखाली तापलो तरी मी जरासा मंदावतो, अडत नाही. पंखा असता तर निदान घरघर करून निषेध नोंदवला असता. वरदने मला फार पारखून घेतलं होतं.

ठाकूरद्वारची खोली विकायची ठरली. ती मीनाक्षीबाईंच्या माहेरची, म्हणून सही त्यांची एकटीची. सही झाली, घेणाऱ्याला एक चावीही दिली गेली. सामान बांधायच्या दिवशी वरदने टीव्ही उतरवला, मला कॉम्प्युटरसकट खोक्यात ठेवलं. खोक्याचं तोंड अजून उघडं होतं. मीनाक्षीबाई वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या.

"मला नाही यायचं," बाबा म्हणाले.

मीनाक्षीबाईंचे हात थांबले. "काय म्हणालात?"

"नाही यायचं मला. इथे मला बोलावं लागत नाही. खालचा पानवाला गणपत मी दिसलो की सुपारी बांधतो. न्हाव्याला ठाऊक आहे, देवळात ठाऊक आहे. तिकडे सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. कशानं सांगू?"

"अहो, आत्ता सांगताय? आधी का नाही बोललात?"

बाबांनी वरदकडे बघितलं.

वरद खाली बसला. "बाबा, मी विचारलं होतं ना. तुम्ही काहीतरी म्हणालात. मी हो धरलं."

कुणी कुणावर रागावलं नाही. रागावण्यासारखं कुणी नव्हतंच तिथे. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मीनाक्षीबाईंनी उरलेल्या कपबशा गुंडाळायला घेतल्या.

आता मी वडाळ्याच्या हॉलमध्ये आहे. कपाट नवीन, हवा भरपूर, रुमाल नाही. माझी तब्येत उत्तम आहे आणि अजून कैक वर्षं अपडेट येत राहतील. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरात कुणी हळू बोलत असेल आणि ऐकू आलं नाही, तर हो म्हणू नका. नाही ऐकलं म्हणा. त्यांना पुन्हा सांगायचा त्रास होऊ द्या.

इथे आता सगळे सावध झालेत. बाबांचे ओठ जरा हलले की वरद रिमोट उचलून आवाज बंद करतो. मीनाक्षीबाई हातातलं काम ठेवतात. दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. मीसुद्धा मुकं चित्र धरून थांबतो.

बाबा मान हलवतात. म्हणतात, "काही नाही. लावा."