विजयाचं जेवण

त्या गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये लग्नघरासारखा गोंगाट चालला होता. प्रत्येकानं घरून काहीतरी रांधून आणलं होतं, आणि का नाही आणणार? ओक्लाहोमातल्या त्या चिमुकल्या गावानं मंगळवारच्या मतदानात ठराव जिंकला होता. यापुढे नगर परिषदेला खाजगी तुरुंग कंपनीशी करार करायचा असेल, तर आधी गावाचं मत घ्यावं लागणार होतं. गव्हाच्या शेतांपलीकडे बंद पडलेला तुरुंग पुन्हा उघडायला कंपनी टपूनच बसली होती.

ठराव उभा केला नडीननं. उन्हातान्हात दारोदार हिंडून तिनं सह्या गोळा केल्या. तिचा धाकटा भाऊ डेल त्याच तुरुंगात होता. दाढ सुजली म्हणून तो डॉक्टर मागत राहिला, कंपनीची माणसं त्याला दुखण्यावरच्या गोळ्या देत राहिली. दाढेतलं विष अंगभर पसरलं आणि डेल गेला. चोरी केली होती त्यानं, खोटं कशाला बोला. पण चोरीला फाशी कुठल्या गावात देतात? दुसऱ्या कुणाचा भाऊ तिथं जाऊ नये, एवढंच नडीनला हवं होतं.

या सगळ्यात तिच्या पाठीशी होती ट्वायला. शाळेपासूनची मैत्रीण, आता परिषदेची सदस्य. दर रविवारी डेलला भेटायला नडीनला गाडीतून तीच न्यायची. आजचं जेवणही तिचीच कल्पना. "गुरुवारीच ठेव गं. सगळ्यांना बोलाव, एकालाही घरी बसू देऊ नकोस," असं तिनं बजावलं होतं. दुपारी चीज घातलेल्या बटाट्यांचं मोठं भांडं पोचवून गेली. "मला जरा उशीर होईल. तुम्ही बसून घ्या."

नडीननं बराच वेळ वाट पाहिली. शेवटी प्रार्थना उरकली, लोकांनी ताटं भरली. ट्वायलाचं ताट तिनं आधीच वेगळं काढलं होतं. भाजलेल्या हॅमचा कडेचा खरपूस तुकडाच ट्वायलाला लागतो, तो शोधून ठेवला होता. तेवढ्यात खिडकीतून तिला समोर, नगर परिषदेच्या दारात, ट्वायलाचा निळा ट्रक दिसला. आत दिवे लागलेले.

"बाई अजून कामातच बुडालीय," ती शेजारच्या म्हाताऱ्या हार्लनला म्हणाली. "ताट देऊन येते."

"जा बाई, जा. नाहीतर उद्या ऐकवेल, माझेच बटाटे हाणलेत आणि मलाच विसरलात!"

रस्ता ओलांडून ती दाराशी आली. काचेवर कागद चिकटवला होता. विशेष सभा, आज संध्याकाळी. असा कागद आदल्या दिवशी लावायचा असा नियम आहे, आणि तो आदल्या दिवशीच लावला होता. आदल्या दिवशी सगळं गाव स्वयंपाकघरात होतं.

आत लोकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कंपनीचा वकील तेवढा पहिल्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता. मतमोजणीवर सोमवारी शिक्कामोर्तब होणार आणि त्यानंतर ठराव लागू होणार होता. आज करार केला, तर गावाला विचारायची गरजच नव्हती.

"बाजूनं कोण?" नगराध्यक्षांनी विचारलं. दोन हात वर गेले. मग तिसरा गेला, ट्वायलाचा. पाचांत तिघं झाले, करार मंजूर.

नडीन ताट धरून तशीच उभी राहिली. ट्वायलानं तिला पाहिलं आणि धावतच दाराशी आली.

"नडीन, ऐक ना. माझा कोडी पोराबाळांना घेऊन आईच्या गॅरेजात राहतोय गं. तुरुंगात त्याला कायमची नोकरी देतायत."

"मग तसं तोंडावर सांगायचंस. भांडलो असतो."

"ऐकलं असतंस तू?"

"नसतंच ऐकलं. पण इथं येऊन बसले असते. आम्ही सगळेच आलो असतो. म्हणून तर गुरुवार, हो ना?"

ट्वायलानं मान खाली घातली. "मंगळवारी मत मी ठरावालाच दिलंय. देवाशपथ. डेलसाठी."

हे ऐकून नडीनच्या अंगाची आग झाली. केसानं गळा कापायचा आणि वर तोच गळा कुरवाळायचा! डेलच्या दफनाच्या दिवशी ही बया तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. इतके दिवस हिनं ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आत्ता त्यांना काही सांगू नकोस," ट्वायला हळूच म्हणाली. "सुखानं जेवू दे."

"सुखानं जेवावं म्हणूनच बसवलंस ना आम्हाला तिकडे?" नडीननं ताट तिच्या हातात दिलं. "घे. कडेचा तुकडा ठेवलाय तुझ्यासाठी."

ती हॉलमध्ये परतली तेव्हा लोक ग्लासवर चमचे वाजवून तिला भाषण करायला सांगत होते. तिच्या शेजारची खुर्ची ट्वायलासाठी अडवून ठेवली होती.

"ट्वायला कुठंय?" हार्लननं तोंडात घास घेऊनच विचारलं.

"समोर. आपण इथं जेवत होतो, तेव्हा त्यांनी करार केला. तुरुंग उघडतोय. तिसरा हात तिचा होता."

हार्लननं बटाटे नुकतेच दुसऱ्यांदा वाढून घेतले होते. तोंडातला घास त्यानं रुमालात काढला आणि ताट दूर सारलं.