पहिल्या रांगेतला आवाज

“आई, हात जोडतो तुला, घरी जा!” फोनमधला होजिनचा आवाज शेजारी उभ्या असलेल्या मलासुद्धा ऐकू येत होता. “मला पहिल्या रांगेत बसवलंय. कोणी उलटं बोललं की ‘सहमत!’ म्हणून ओरडायचं, हेच काम आहे माझं.”

“मग ओरड की,” सुनदॉकताई म्हणाल्या. “पगार घेतोस ना?” आणि फोन बंद करून त्यांनी पिशवीत टाकला.

आम्ही सोलमध्ये, होजिन नोकरीला होता त्याच कंपनीच्या भागधारकांच्या वार्षिक सभेच्या दारात उभे होतो. मी निवृत्त बसचालक, ताई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. दोघांनीही फंडाचे पैसे या ऑनलाइन दुकानाच्या शेअर्समध्ये घातले होते. मग उघडकीला आलं, की कंपनी विक्रेत्यांना दम देत होती: दुसरीकडे स्वस्तात विकाल, तर आमच्या यादीत तळाला जाल. सरकारने दंड ठोकला, शेअर आपटला. हे आमच्यापासून लपवलं म्हणून आम्ही भागधारकांनी दावा लावला. कोर्टात कंपनी म्हणे, संचालकांना काही ठाऊकच नव्हतं! आमच्या वकीलबाई म्हणाल्या, “सभेत अध्यक्षांनाच विचारा. बोलतील ते इतिवृत्तात येईल, मग फिरवता येणार नाही.”

अडचण एकच होती. आमच्याकडे कोरियात बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते. त्यामुळे दाव्यातल्या प्यो सुनदॉक म्हणजे किल होजिनची आई, हे कंपनीत कोणालाच माहीत नव्हतं. कळलं असतं तर त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा. नुकतंच त्याला दुसरं मूल झालं होतं.

सभा नेहमीसारखी धावत सुटली. अध्यक्षांनी ठराव वाचायचा, पहिल्या रांगेने ‘सहमत!’ ‘अनुमोदन!’ ओरडायचं, की टेबलावर तीनदा हातोडा. मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

हिशेबांच्या ठरावाला ताई उठल्या. “अध्यक्षसाहेब, प्रश्न आहे.”

“सहमत!” पहिली रांग गरजली.

“विक्रेत्यांना दम दिला जातोय, हे संचालकांना ठाऊक होतं की नव्हतं?”

“चर्चा पुरे! मतदान घ्या!” या वेळी एकच आवाज उठला, आणि तो होजिनचा होता. आईकडे तोंड करून, मान लाल होईस्तोवर तो ओरडत होता. खोटं कशाला बोलू, दोन थोबाडीत द्याव्यात असं मला वाटलं.

अध्यक्षांनी हातोडा उचलला.

“ओरडू द्या त्याला,” ताई म्हणाल्या. स्वयंपाकघरातल्या पंख्यांच्या घरघरीवर चढवलेला तो आवाज, त्याला माइक लागत नाही. “नोकरी आहे त्याची. त्याला तिथे बसवणाऱ्यांना मी विचारतेय. कढयांपुढे उभं राहण्यात जन्म गेलाय माझा, साहेब. उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही.”

मागून हशा पिकला. “उत्तर द्या!” मी ओरडलो. मग सगळा मागचा भागच ओरडू लागला.

अध्यक्षांचा तोल सुटला. “अहो, प्रत्येक गोष्ट संचालकांपुढे येतेच! म्हणून काय सगळंच तुम्हाला सांगत बसायचं?”

शेजारच्या वकिलाने त्यांची बाही ओढली, पण तोवर बोलून झालं होतं.

“एवढंच हवं होतं. लिहून घ्या,” म्हणत ताई बसल्या.

बाहेर पडताना कर्मचारी भागधारकांना तिळाच्या तेलाची भेट देत होते. आमच्या रांगेच्या टोकाला नेमका होजिन. त्याचा साहेब मागे उभा राहून ताईंना न्याहाळत होता. होजिनने दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली आणि कमरेत वाकला. “सांभाळून जा.” घसा पार बसला होता.

ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्याही तितक्याच वाकल्या. आई मुलापुढे अशी वाकत नाही, आमच्याकडे तर नाहीच.

“आज तुम्हाला फार त्रास झाला,” त्या म्हणाल्या. “घरी गेल्यावर कोमट पाणी प्या.”

आणि त्या चालू लागल्या. रांगेतल्या मागच्या माणसाने पिशवीसाठी हात पुढे केला, तरी होजिन तसाच वाकून उभा होता.