चिमणीची टकळी

फोन चिमणीच्या हातात थरथरला. तिचा प्रश्न वाचून पुरता होतो न होतो तोच व्हॅनकाकांनी उत्तर देऊनही टाकलं.

"हिरवा!"

घड्याळवाल्याच्या शटरचा रंग कोणता, एवढाच प्रश्न होता. दुकान समोरच होतं, सुट्टीमुळे बंद होतं आणि शटर निळं होतं. पण दादाने समोर न बघताच वरून हात घालून हिरव्यावर बोट टेकवलं आणि पडद्यावरच्या तीन दिव्यांतला एक विझला.

"बाबा, निळं आहे हो!" दादा कळवळला. "डोळे आहेत की बटणं?"

"हिरवंच होतं रे. लग्नातलं घड्याळ मी इथूनच घेतलंय."

"मग ते घड्याळ तेव्हापासून बंदच आहे," चिमणी चटकन म्हणाली. सगळे हसले. काकाही हसले, आणि मंडळी पुढे निघाली.

'ओळख पाहू' नावाचा हा खेळ गावातल्याच कुणीतरी तयार केला होता. ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं, मग फोन थरथरतो आणि समोर जे दिसतंय त्यावर एक प्रश्न विचारतो. सगळ्या घराने मिळून एकच उत्तर द्यायचं. बरोबर आलं की एक तारा मिळतो, चुकलं की एक दिवा विझतो, तिन्ही विझले की खेळ खलास. दादा तो कॉलेजातून घरी घेऊन आला होता. शाळा दुसऱ्या दिवशी उघडायची होती, व्हॅन उभीच होती, म्हणून व्हॅन बाजाराच्या टोकाशी लावून चौघं पायी गाव बघायला निघाली होती. जन्म ज्या गावात गेला ते गाव बघायला निघायचं, याचं आईला मनातून हसू येत होतं. चिमणीने मात्र सकाळपासून धोशा लावला होता, की आपण घरीच पत्ते खेळू. एरवी 'बाहेर' म्हणायच्या आत ही पोर चपला घालून दारात असायची. निघाल्यावर मात्र तिने फोन जो ताब्यात घेतला तो सोडायला तयार नव्हती.

व्हॅनकाका हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. पोरांचं ऐकून त्यांच्या आया तसंच म्हणू लागल्या, आणि हळूहळू दुकानदारही. एकदा दळण आणायला गेलेली चिमणीची आईसुद्धा "काका येतील न्यायला" असं म्हणून गेली आणि गिरणीवाला हसत सुटला. ती घरी शिवणकाम करायची. ब्लाउज, शाळेचे गणवेश, फाटलेले खिसे. गावातली अर्धी पोरं तिने शिवलेल्या कपड्यांत काकांच्या व्हॅनमधून शाळेत जायची, असं म्हटलं तरी चालेल.

वाचनालयापाशी प्रश्न आला, दारावर दगडात कोणता प्राणी कोरलाय.

"सिंह," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नव्हती. खिशात हात घालून ते रस्त्याकडे बघत उभे होते. "एक कान तुटलेला. आमच्या शाळेतल्या एका कार्ट्याने दगड मारला होता."

उत्तर बरोबर निघालं. दादाने टाळी दिली.

"बघ, बघायचीही गरज नाही," काका म्हणाले. "गाव तळहातावर आहे माझ्या."

कारंज्यापाशी मात्र चिमणीने प्रश्न कुणाला ऐकूच दिला नाही. स्वतःशी पुटपुटली, वर बघितलं आणि उत्तर दाबून मोकळी झाली.

"ए, सगळ्यांना विचारायचं असतं!" दादा म्हणाला.

"मला येत होतं."

"अगं, बाबांना बोलू दे की जरा," आई म्हणाली. "त्यांना एवढा रंग चढलाय. देवाने जीभ दिली म्हणून सगळ्यांच्या वाटणीचं तूच बोलायचं का?"

चिमणीने बाबांचा हात धरला आणि पदपथाची कड आली तशी म्हणाली, "उडी!" काकांनी उडी मारल्यासारखं पाऊल खाली टाकलं. बापलेकीचे हे खेळ जुनेच होते. आईने तिकडे लक्ष दिलं नाही.

ऊन उतरल्यावर ते शाळेपाशी पोहोचले. फाटकाला कुलूप होतं. कुंपणाच्या लांब भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं होती, झाडं, जहाज, हसरा सूर्य. फोन थरथरला. चिमणीने तो छातीशी धरला.

"वाच ना," दादा म्हणाला.

"नको, हे सोडून देऊ. पुढच्या ठिकाणी जाऊ."

"सोडून काय देऊ? आण इकडे." दादाने फोन हिसकावून मोठ्याने वाचलं. "फाटकाला लागून असलेल्या चित्रात पाण्यातला कोणता प्राणी आहे?"

"हे तर मला विचारूच नका," काका म्हणाले. ते पुढे झाले, त्यांनी भिंतीवर मायेने तळवा ठेवला आणि चित्राकडे तोंड करून म्हणाले, "मासा. रोज इथेच तर व्हॅन लावतो मी. मोठा लाल मासा."

त्यांच्या तळव्याखाली कासव होतं. हिरवंगार, वाकड्या पायांचं, पाठीवर चौकटी असलेलं. मासा पुसून ते गेल्या हिवाळ्यात चिमणीने आणि तिच्या मैत्रिणीने काढलं होतं. आई ते बघायला मुद्दाम आली होती. त्या दिवशी फ्रॉकला लागलेला हिरवा डाग काही केल्या निघाला नाही, म्हणून तिने त्यावर एक खिसा शिवून टाकला होता. आणि काका त्या संध्याकाळी चिमणीला म्हणाले होते, "फारच झकास काढलंयस."

"बाबा मुद्दाम करतायत!" चिमणी घाईघाईने म्हणाली. "मला चिडवायला. हो ना बाबा? कासव दाब, दादा, कासव!"

"हो हो," काका हसले. "चिडवतोय गं."

दादाने कासव दाबलं. एक तारा मिळाला. तो पुढे चालू लागला.

आई भिंतीपाशीच उभी राहिली. काकांनी हात काढून घेतला होता, पण कासव काढलंय कुठे ते त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. तिला काय आठवावं, तर सुई. रोज सकाळी चहा झाला की मशीनची सुई काकाच ओवून द्यायचे. लग्नापासूनचा शिरस्ता. मग एक दिवस म्हणाले, "आता तूच ओवत जा. तुझी नजर माझ्याहून तरुण." तिला ते ऐकून बरं वाटलं होतं. त्या दिवशी ती आरशातसुद्धा बघून आली होती.

परत बाजारात येऊन चौघं व्हॅनपाशी पोहोचली. शेवटचं ठिकाण गावाच्या त्या टोकाला होतं. चिमणीने सवयीने पुढचं दार उघडलं.

"आज मी बसते पुढे," आई म्हणाली.

"ती माझी जागा आहे."

"एक दिवस आईला दिलीस तर काय बिघडलं?"

चिमणी मागे गेली, पण सीटवर बसली नाही. दोन्ही सीटांच्या मधे हनुवटी आणून उभी राहिली.

"नीट बस खाली."

"बसल्यावर रस्ता दिसत नाही."

दादाने कानात गाणी घातली होती. काकांनी व्हॅन सुरू केली. त्यांचा हात गिअरवर गेला, आरशावर गेला, एवढासाही चाचपडला नाही. व्हॅन निघाली, आणि चिमणीची टकळी सुरू झाली.

"समोर सायकलवाला. काय डुलतोय बघा, झोपेत चालवतोय. गेला. आता रिक्षा उभी आहे, आपल्याच बाजूला. तिला वळसा. शाब्बास. सिग्नल लाल झाला. लाल... अजून लाल... झाला हिरवा. अहो आजी, असा रस्ता ओलांडतात का! आजी आहेत, बाबा. थांबा. हं, गेल्या. पुढे खड्डा, तोच आपला नेहमीचा."

"बघितलंस?" काका म्हणाले. "शाळेत जाताना, येताना, हिचं हेच. कान किटतात. बाकीची पोरं हिला रेडिओ म्हणतात."

आईने डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांपुढे रस्ता येत गेला. सायकल, रिक्षा, खड्डा. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, कुणाला जाऊ द्यायचं. ती डोळे मिटूनही घरापर्यंत जाऊ शकली असती. तिने डोळे उघडले. मागे हनुवटी टेकलेल्या पोरीची नजर रस्त्यावरून क्षणभरही हलत नव्हती, आणि बोलताना तिच्या चेहऱ्यावर हसू मुळीच नव्हतं.

"गाडी थांबवा," आई म्हणाली.

"का गं? काही राहिलं का?"

"बाजूला घ्या."

"डावीकडे जागा आहे," चिमणी हळूच म्हणाली. काकांनी व्हॅन बरोबर तिथे नेऊन लावली.

आईने हात पुढे केला. "किल्ली द्या."

काकांनी इंजिन बंद केलं. ते समोर बघत राहिले.

"उद्या शाळा आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच."

दादाने कानातली गाणी काढली. "काय झालं?"

काकांनी अंगठ्याने स्टिअरिंगची शिवण चाचपली.

"बाजूचं दिसतं," ते शेवटी म्हणाले. "समोरचं जातं. मधोमध फडकं धरल्यासारखं."

"कधीपासून?"

"सुई सोडली ना, त्याच्या आधीपासून."

"आणि हिला सांगितलंत? एवढ्याशा पोरीला?"

"देवाशपथ, एका शब्दाने नाही. एक दिवस तीच बोलायला लागली."

आईने मागे वळून पाहिलं. चिमणी सीटच्या कापडाचा एक धागा ओढत होती.

"कुत्रं मध्ये आलं होतं," ती म्हणाली. "बाबा थांबलेच नाहीत. मी ओरडले, मग थांबले. कुत्र्याला काही झालं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"मग व्हॅन गेली असती."

काकांनी किल्ली काढली आणि पुढे धरली. ती आईच्या हातापासून वीतभर बाजूला होती. आईने हात सरकवून ती घेतली.

"मी चालवतो," दादा म्हणाला.

"तू आधी लायसन काढ," काका म्हणाले, आणि बाबांचा तो नेहमीचा सूर ऐकून दादाला त्यातल्या त्यात हायसं वाटलं.

"आज घरोघर फोन करावे लागतील," आई म्हणाली. "उद्या पोरं वाट बघत बसायला नकोत. आणि मग डॉक्टर."

"तो म्हणेल, बंद करा."

"म्हणू दे. आधी काय आहे ते तर कळू दे."

व्हॅन तिथेच ठेवून चौघं चालू लागली. आईने काकांचा दंड धरला होता, बायका नवऱ्याचा धरतात तसाच, बघणाऱ्याला काही वेगळं वाटलं नसतं. काका ताठ चालत होते. त्यांच्या वाटेवर विजेचा खांब आला तेव्हा मागून चिमणीने तोंड उघडलं. आईने न बघता मोकळा हात मागे नेला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"खांब," आई स्वतःच म्हणाली. "इकडून या."

जुन्या कचेरीसमोर फोन पुन्हा थरथरला. चालत चालत ते शेवटच्या ठिकाणी येऊन पोहोचले होते. फोन आता दादाकडे होता. "या इमारतीच्या टोकावर काय आहे?" त्याने वाचलं, आणि सवयीने बाबांकडे पाहिलं.

काकांनी मान वर केली. 

"मला नाही दिसत," ते म्हणाले. "कुणीतरी बघा रे."

आईने डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. इतकी वर्षं इथून गेली, वर काय आहे ते तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

"पक्षी बसलाय कुठलासा," ती म्हणाली. "थांबा. बसलेला नाही, लोखंडी आहे. कोंबडा आहे, वारा दाखवणारा."

"कुठे तोंड करून आहे?"

"आपल्या घराकडे."

"म्हणजे पश्चिमेचा वारा," काका म्हणाले.

दादाने उत्तर दाबलं. चिमणी जवळ नव्हती. ती फार पुढे गेली होती, रस्त्यावरच्या चौकोनी फरश्यांवरून एका पायाने उड्या मारत, एक सोडून एक. मागे कोण आहे, समोर काय येतंय, इकडे तिचं मुळीच लक्ष नव्हतं. आणि तोंडातून शब्द निघत नव्हता.