कपाटामागची भिंत

"ताई, थोडे दिवस पोरीला माझ्याकडे झोपू दे. तुमच्या खोलीत कुबट वास येतोय," धाकटी जाऊ दारातूनच म्हणाली, आणि थोरलीचं शिवणयंत्र थांबलं.

"वास खोलीला येतो की मला गं?"

"असं कुठं म्हटलं मी? तिचा खोकला बघा ना."

"पावसाळ्यात खोकत नाही असं एक पोर दाखव मला!"

धाकटी गेली. थोरली धुमसत राहिली. वाटणीत दोन खिडक्यांची हवेशीर खोली धाकटीला मिळाली, कूसही तिचीच उजवली. थोरलीच्या वाट्याला आली न्हाणीघराला चिकटलेली अंधारी खोली आणि रोज रात्री कुशीत शिरणारी ही पुतणी. पोरगी तिला 'मोठीआई' म्हणायची. दात येताना रात्र-रात्र मांडीवर कोणी घेतलं होतं? आता तेवढंही बघवत नाही होय हिला! खरं तर बघवत नव्हतं थोरलीलाच. धाकटीने पोरीची वेणी घातली तरी हिच्या पोटात दुखायचं.

पोरगी शाळेत गेल्यावर वास कुठून येतो ते बघायला थोरलीने कपाट ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळ्या-हिरव्या बुरशीने भरली होती.

"अगं बाई!"

धाकटीने बघितलं तर पोर गेलीच हातची. थोरलीने दार लावलं, खिडकी लावली आणि कोरड्या झाडूने भिंत खसाखसा झाडून काढली. कपाट पुन्हा जागेवर सरकवलं. कोणाला पत्ता लागला नाही, म्हणून स्वारी खूश.

संध्याकाळी त्याच खोलीत चित्रं रंगवता रंगवता पोरगी खोकायला लागली, ती थांबेचना. तिला श्वास पुरेना. धाकटीने तिला उचलून दवाखाना गाठला. मागोमाग थोरली अनवाणीच धावली.

वाफ दिल्यावर पोरगी शांत झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात बुरशी आहे का?"

"आहे," थोरली म्हणाली. "आजच झाडली मी. कोरडीच. खिडकी लावून."

"अहो, म्हणजे सगळी हवेत उडवलीत! तोंडाला मास्क, हातात मोजे आणि खिडकी उघडी ठेवून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसायची. जालीम औषधं एकमेकांत मिसळू नका, विषारी वाफ होते. आणि ओल कुठून येते ते शोधा, नाहीतर पुसाल तितकी परत येईल. तोवर पोरीला त्या खोलीत झोपवू नका."

धाकटीने पोरीला खांद्यावर घेतलं आणि घरची वाट धरली. तिने चार शब्द सुनावले असते तर थोरलीला निदान भांडता तरी आलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच थोरलीने सगळं पुसून काढलं. रंगारी येऊन म्हणाला, "दोन हात मारतो, उद्यापासून झोपवा पोरीला." मोह झालाच. पण पलीकडच्या न्हाणीघराचा नळ भिंतीच्या आत गळत होता, आणि प्लंबर अजून उगवला नव्हता. "आधी गळती, मग रंग," म्हणत तिने रंगाऱ्याला वाटेला लावलं.

संध्याकाळी पोरगी उशी घेऊन दारात उभी.

"मोठीआई, भिंत तर छान दिसतेय. येऊ झोपायला?"

थोरलीने भिंतीवर तळवा टेकवला. गार लागली, ओलसर. तिकडे आपल्या खोलीत धाकटी चादर झटकत होती. त्या आवाजानेही थोरलीचा जळफळाट झाला.

"नको," ती म्हणाली. "आईकडे जा."

"कोणत्या?"

"तुझ्या. वाट बघतेय ती."

थोरलीला वाटलं होतं, रडेल, हट्ट करेल. पोरगी उड्या मारत गेली.