हातमोज्यावरच्या रेघा

सोल्वेचं औषध दुपारी तीन वाजता निकालात निघणार होतं, आणि त्याचा गळा कापणारा आकडा माझा होता.

सोल्वे आमचा रसायनवाला. सहा वर्षं खपून त्याने हा एकच रेणू घडवलेला. गोळी पोटात गेली की यकृत तिचं रूप बदलतं. कधी ते नवं रूप इतकं तापट निघतं की शेजारच्या प्रथिनाला कायमचं चिकटतं, मग शरीर आपल्याच प्रथिनाला परकं समजून यकृताचे हाल करतं. म्हणून आम्ही यकृताची प्रथिनं आणि किरणोत्सारी खूण लावलेलं औषध एका नळीत ठेवतो, मोकळं औषध धुऊन काढतो आणि चिकटलेलं मोजतो. आकडा पन्नासच्या आत हवा. माझा आला दोनशे दहा.

"मायलिस, नक्की ना?" गुनहिल म्हणाली. ती साहेब, पण इथे स्वीडनच्या उप्सालात साहेबाशीही अगं-तुगंच.

"सतरा वर्षं धुतेय मी," मी फणकारले.

सोल्वे रोज दालचिनीचे दोन पाव हाणणारा माणूस, आज त्याने एकालाही हात लावला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

म्हणून मी कागद पुन्हा पाहिला. एका नळीत आम्ही यकृताच्या एन्झाइमांना लागणारं इंधन मुद्दाम घालत नाही. तिथे औषध बदलतच नाही, तर चिकटणार कुठून? आणि तिथे आकडा होता एकशे नव्वद.

हे चिकटलेलं नव्हतंच. न धुतलेलं होतं.

धुणी आठ. प्रत्येक धुण्याला मी डाव्या हातमोज्यावर पेनाने एक रेघ ओढते. साडेनऊला कॉफीची घंटा होते, आणि तेव्हा जो जाणार नाही त्याच्या घरी कुणी गेलं का, असं विचारतात. आजही घंटा झाली तशी मी हातमोजे कचऱ्यात टाकून गेले होते. परत आल्यावर, सगळं झालंच असं समजून, नळ्या मोजायला लावल्या होत्या.

चिमट्याने डबा उपसला. हातमोजा सापडला. रेघा चार.

मी लाकडी चपला खटखटवत धावले.

"सोल्वे, मी गाढव आहे."

"ते माहीत आहे. पुढे बोल."

त्याच धुण्यातल्या जोडीच्या नळ्या, चारदाच धुतलेल्या, फ्रीजमध्ये तशाच होत्या. उरलेली चार धुणी केली, या वेळी गुनहिल शेजारी उभी राहून मोठ्याने मोजत होती. नळ्या यंत्रात गेल्या आणि दुपारच्या कॉफीची, अडीचची घंटा झाली. कुणी हललं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा आमच्या विभागाची कॉफी गार झाली.

बिनइंधनाची नळी: दोन. इंधनाची: सतरा.

"पुन्हा वाच," सोल्वे म्हणाला.

"सतरा."

"पुन्हा."

पाचव्यांदा मी ते गाऊनच दाखवलं. गुनहिल हसून हसून टेबलाला टेकली, आणि सोल्वे डोळे पुसत पावांच्या ताटाकडे निघाला.

त्याने सलग चार खाल्ले. मी मोजत होते, कागदावर.